अर्ध्या वाटेवरचा फेरविचार

‘घेतला वसा टाकू नये’ हे वाक्य आपल्या मराठी घरांत इतके मुरले आहे की, ते मूळचे व्रतकथांतले आहे याचाही आपल्याला विसर पडला आहे. नातवाने अर्ध्यावर शिकवणी सोडली, तर ख्रिस्ती घरातली आजीसुद्धा त्याला हेच ऐकवते. वाक्य मोलाचे आहे आणि त्याने अनेकांना पडता पडता सावरले आहे. परंतु या वाक्याच्या आडोशाला एक प्रश्न मात्र नेहमीच दडून राहतो. आरंभलेला बेत मध्येच बदलणे, आणि तेही केवळ त्यातला आनंद टिकावा एवढ्याचसाठी बदलणे, हा निव्वळ दुबळेपणा असतो, की त्यातही काही शहाणपण असू शकते?

हा प्रश्न मला सुचला नाही, विचारला गेला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्यापैकीच एका कुटुंबातील तरुण गेल्या नाताळात आजोळी आला होता. पदवी झाल्यावर व नोकरीत शिरण्यापूर्वी त्याने तिकडची एक फार लांबची वाट पायी चालायला घेतली होती. दक्षिणेकडून उत्तरेकडे जायचे, असा त्याचा बेत होता. निम्म्या वाटेवर तो थांबला, गाडीने थेट उत्तरेच्या टोकाला गेला आणि तेथून उलट चालत, जेथे थांबला होता तेथे येऊन पोहोचला. वाटेचा एकही तुकडा त्याने सोडला नाही. तरीही जे सोबती सरळ चालत गेले त्यांपैकी एकाने त्याला सुनावले, “तुझी ही खरी यात्रा नव्हेच.”

“फादर, मी स्वतःलाच फसवलं का?” त्याने विचारले.

“अरे, आधी ती वाट कशी आहे ते तर सांग,” मी म्हणालो. त्या दिवशी त्याच्याकडून बरेच ऐकले व पुढे त्या विषयावर थोडे वाचनही केले.

अ‍ॅपलाचियन ट्रेल हे त्या वाटेचे नाव. अमेरिकेच्या पूर्वेकडील डोंगररांगांमधून, जॉर्जिया राज्यातील स्प्रिंगर पर्वतापासून मेन राज्यातील कटाडिन पर्वतापर्यंत, चौदा राज्ये ओलांडत ती जाते. लांबी सुमारे ३,५०० किलोमीटर. झाडांवर व खडकांवर दोन इंच रुंद आणि सहा इंच उंच असे पांढरे पट्टे रंगवलेले असतात, त्यांच्या खुणेने चालायचे. एका दमात ती पुरी करायला बहुतेकांना पाच ते सात महिने लागतात, आणि तसा निश्चय करून निघालेल्या चौघांपैकी साधारणतः एकच शेवटास जातो. पावसाळ्यात राजमाची किंवा हरिश्चंद्रगड चढून संध्याकाळी घरी परतणाऱ्या आपल्या तरुणांना या आकड्यांचा अंदाज चटकन यायचा नाही.

वाट सोडणारे सगळेच पाय मोडला म्हणून सोडत नाहीत. कित्येकांचे मन आधी थकते. एकट्या व्हर्जिनिया राज्यातच या वाटेचा जवळजवळ चौथा हिस्सा आहे. आठवड्यांमागून आठवडे जातात, तरी राज्य संपत नाही; दोन्ही बाजूंना सारखेच हिरवे रान, दृष्टी मोकळी होईल अशी जागा क्वचित. तेथे येणाऱ्या उदासीला त्या वाटसरूंनी व्हर्जिनियाचेच नाव देऊन ठेवले आहे. आमचा तरुण सांगत होता की, तेथे आल्यावर त्याने झाडांकडे पाहणे सोडून दिले होते. दिवसभर तो फक्त मैल मोजत असे. त्यात आणखी एक धास्ती. कटाडिनवर ऑक्टोबरच्या मध्यानंतर हवामानाचा भरवसा नसतो, म्हणून १५ ऑक्टोबरच्या आत तेथे पोहोचावे अशी सूचना वाटसरूंना दिली जाते. मागे पडलेला माणूस मग पळू लागतो, आणि पळणाऱ्याला डोंगर दिसत नाहीत.

आता गंमत अशी की, ज्याने या वाटेची कल्पना प्रथम मांडली त्या बेंटन मकाय याच्या मनात एका दमात पार करण्याचा पराक्रम नव्हताच. १९२१ साली त्याने लिहिलेल्या लेखात शहरांतील कामाने पिचलेल्या माणसांना डोंगरात मोकळा श्वास घेता यावा, हा हेतू होता. १९३७ साली वाट पुरी झाली. तीवरून संपूर्ण चालून गेलेला पहिला मनुष्य मायरन एव्हरी. पण तो तुकड्यातुकड्यांनी, लांबी मोजण्याचे चाक हाताने ढकलत, कित्येक वर्षे चालत होता आणि १९३६ साली त्याची फेरी पुरी झाली. एका दमात चालून गेल्याचे पहिल्यांदा सांगितले ते अर्ल शॅफर याने, १९४८ साली, आणि तेव्हा पुष्कळांना ते खरेही वाटले नव्हते. म्हणजे आज जी रीत ‘खरी’ म्हणून मिरवते ती मूळ हेतूहून पुष्कळ नंतरची आहे. वाटेची देखरेख करणारी संस्था, १९२५ साली स्थापन झालेली व आज अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी या नावाने ओळखली जाणारी, याबाबत फार समंजस आहे. कोणत्या क्रमाने, कोणत्या दिशेने, किती काळात चाललात, सॅक पाठीवर होती की नव्हती, यांपैकी काहीही ती विचारात घेत नाही. संपूर्ण वाट चाललात ना, एवढेच पाहते; आणि तेही तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून. पूर, वणवा, वादळ अशा संकटात दुसऱ्या वाटेने गेलात तरी चालते.

त्या तरुणाला मी तेवढ्यावर मोकळा करू शकलो असतो. नियमात बसते, तर मग चिंता कसली? पण त्याचा प्रश्न नियमाचा नव्हता. वादळ आले म्हणून बेत बदलला तर कोणी बोट दाखवत नाही. ‘मला यात आनंद वाटेनासा झाला होता’ हे कारण उच्चारताना मात्र त्याची मान खाली गेली होती, आणि मला खरी अडचण तेथे दिसली.

आनंद हे इतके हलके कारण आहे काय? उपवासकाळात वाढलेल्या आपल्या पिढीला त्यागाचे मोल लवकर कळते. आनंदाकडे मात्र आपण जरा संशयानेच पाहतो. संत थॉमस अक्वायनस इतका कठोर नव्हता. खेळ व विश्रांती यांतील प्रमाणबद्धतेला त्याने सद्गुण मानले आहे, आणि त्या विवेचनात संत योहानाची एक जुनी गोष्ट दिली आहे. शिष्यांबरोबर हसत-खेळत बसलेला योहान पाहून काहींना ते खटकले. त्यांच्यात एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा पुन्हा सोडायला सांगितले, आणि मग विचारले, असाच सोडत राहशील काय? तसे केले तर धनुष्य मोडेल, असे उत्तर त्या माणसाच्याच तोंडून आले. याच अक्वायनसने चिकाटीचाही विचार केला आहे. तिच्या एका बाजूस ढिलेपणा, तर दुसऱ्या बाजूस हटवादीपणा, असे दोन दोष तो सांगतो. पहिला आपल्याला लगेच ओळखू येतो. दुसऱ्याला मात्र आपण पुष्कळदा चिकाटीच समजून हार घालतो.

मात्र आनंद म्हणजे सुख नव्हे, हे येथेच स्पष्ट करायला हवे. नाहीतर पहिल्याच पावसात घरी परतणारा प्रत्येकजण हा लेख खिशात घालून फिरेल. ओली पायताणे, फोड आलेले तळवे, कोरडी भाकर, हे सारे सोसूनही आनंद असू शकतो. ओहायोतील एमा गेटवुड या अकरा मुलांच्या आईचेच पाहा. नवऱ्याच्या हातून तिने वर्षानुवर्षे मार खाल्ला होता. १९५४ साली ती उत्तरेच्या टोकाकडून या वाटेला लागली. रानात चुकली, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांच्या सांगण्यावरून तिला परतावे लागले. १९५५ साली तिने बेत फिरवला आणि दक्षिणेकडून आरंभ केला. वय ६७, पायांत कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली झोळी. निघताना मुलांना एवढेच सांगितले होते की, जरा फिरून येते. त्या सप्टेंबरच्या २५ तारखेला ती कटाडिनच्या माथ्यावर होती. तिला सुख किती मिळाले ते सांगणे कठीण, परंतु १९५७ साली ती पुन्हा संपूर्ण वाट चालली, यावरून आनंद कोठे होता ते कळते.

तेव्हा त्या तरुणाला मी विचारले, “त्रास होत होता म्हणून बदललंस, की ज्यासाठी निघालास तेच हरवत होतं म्हणून?” तो लगेच बोलला नाही. मग म्हणाला, “फादर, पायांना सवय झाली होती. पण मी तिथं नव्हतोच.” पाय चालत आहेत आणि मनुष्य तेथे नाही, अशा स्थितीत शेवटचा दगड गाठून नेमके काय गाठले जाते? त्याने उत्तरेकडून पुन्हा आरंभ केला तेव्हा धास्ती संपली, ऋतू अनुकूल झाला, समोरून येणारे नवे चेहरे भेटू लागले. अंतर तेवढेच उरले होते, चढही तेवढेच. त्याने स्वतःला काही सूट घेतली नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटले. बदललेला बेतही आपल्याकडून काही मागत असेल, तर तो पळ काढणे नव्हे.

बदल केव्हा ठरवावा, हा यातला सर्वांत नाजूक भाग. मन खिन्न व अंधारलेले असताना, आधी शांत चित्ताने केलेला निश्चय बदलू नये, असा संत इग्नेशियस लोयोलाने आपल्या आध्यात्मिक साधनेच्या नियमांत दंडक घालून दिला आहे. गुरुविद्यालयात आम्ही तो पाठ केला होता. अ‍ॅपलाचियनच्या वाटसरूंमध्येही त्याच अर्थाचा एक अलिखित नियम आहे, हे ऐकून मला मोठी मौज वाटली: वाईट दिवशी वाट सोडायची नाही. पाऊस थांबू द्यावा, पोटभर जेवावे, दोन रात्री छपराखाली झोपावे, आणि त्यानंतरही सोडावीशी वाटली तर सोडावी. आमचा तरुणही एका गावात तीन दिवस राहिला होता व चौथ्या दिवशी, ऊन पडलेले असताना, त्याने निर्णय घेतला. इग्नेशियसला हे पसंत पडले असते.

कारण बेत बदलण्याचे या संताला वावडे नव्हते. १५ ऑगस्ट १५३४ रोजी पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर त्याने सहा सोबत्यांसह यरुशलेमला जाण्याचा नवस केला. पण नवसातच एक कलम होते: वर्षभरात तिकडे जाणे जमले नाही, तर पोपमहोदयांपुढे उभे राहायचे व ते पाठवतील तेथे जायचे. १५३७ साली ते व्हेनिसला जहाजाची वाट पाहत थांबले. तुर्कांशी युद्ध पेटल्यामुळे यात्रेकरूंचे जहाज निघालेच नाही, आणि अखेर त्यांनी रोमचा रस्ता धरला. त्या सातांतला एक फ्रान्सिस झेवियर. हिंदुस्थानसाठी सुद्धा त्याचे नाव आधी नव्हते. ज्याला जायचे होते तो बोबादिया आजारी पडला, म्हणून याला पाठवले गेले. व्हेनिसचे ते जहाज वेळेवर सुटले असते, तर ६ मे १५४२ रोजी गोव्याच्या बंदरात कोण उतरले असते, याचा आपण कोकणपट्टीतल्या ख्रिस्ती लोकांनी कधीतरी विचार करावा.

बेत बदलल्याबद्दल संत पौलालाही बोल खावे लागले होते. करिंथला दोनदा भेट देण्याचे त्याने ठरवले होते व नंतर तो गेला नाही. तेथल्या मंडळीने त्याच्यावर चंचलपणाचा ठपका ठेवला. दुसऱ्या पत्रात त्याने जे उत्तर दिले आहे ते आवर्जून वाचावे. आपण त्यांच्याच भल्यासाठी आलो नाही, पुन्हा दुःख घेऊन यायचे नव्हते, आपण त्यांच्या आनंदासाठी झटणारे आहोत, असा त्याचा आशय आहे. प्रवासाचा बेत आणि आनंद यांची सांगड एका प्रेषिताने घातली आहे! मात्र पौल गप्प बसला नाही, हेही ध्यानात घ्यावे. जे वाट पाहत होते त्यांना त्याने कारण कळवले. आमच्या तरुणाची आई ठरलेल्या टपाल कचेऱ्यांत त्याच्यासाठी खाऊच्या पेट्या पाठवीत असे. बेत बदलताच त्याने सर्वांत आधी तिला फोन केला, हे त्याने सहज बोलता बोलता सांगितले.

एवढे वाचून काही वाचकांच्या मनात आमच्याच लोकांच्या पदयात्रा आल्या असतील. आरोग्यमातेच्या सणाला दूरदूरची माणसे वेलांकणीला चालत जातात. कुणी मोत माउलीला चालत जाण्याचा नवस बोललेले असते. तेथे प्रश्न जरा वेगळा होतो, कारण नवस हे देवाला दिलेले वचन आहे, आपल्या मनाशी केलेला बेत नव्हे. तरीही ख्रिस्तसभेचा कायदा पुष्कळांच्या समजुतीपेक्षा उदार आहे. खासगी नवस बोललेली व्यक्ती त्याऐवजी तितकेच किंवा त्याहून चांगले असे दुसरे सत्कृत्य स्वतःच ठरवू शकते, आणि योग्य कारण असल्यास धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू नवसातून मोकळीकही देऊ शकतो. गुडघे सुजलेल्या स्थितीत, मुलांच्या खांद्यावर भार टाकून, देव रागावेल या भीतीने चालत राहणाऱ्या वृद्ध मावशी मी पाहिल्या आहेत. त्यांच्या श्रद्धेपुढे मी नमतो. पण त्या विचारायला का येत नाहीत, हे कोडे मला सुटत नाही.

आता दुसरी एक शंका. हे सारे पटले, तर उद्या एखादा गृहस्थ येऊन म्हणेल, “फादर, संसारात आनंद उरला नाही, मीही वाट बदलतो.” हा प्रश्न टाळणे मला शोभणार नाही. लग्नात वचन दिलेले असते ते माणसाला, एखाद्या मार्गाला नव्हे. डोंगराला आपली वाट पाहायची नसते; कटाडिनला तुम्ही आलात काय, न आलात काय. घरातल्या माणसाचे तसे नाही. पण संसार मोडण्याच्या टोकाला आलेल्या कित्येक जोडप्यांशी बोलताना माझ्या लक्षात आले आहे की, त्यांनी वचनाइतकेच बेतांनाही पवित्र मानलेले असते. घर अमुकच मजल्याचे व्हावे, मुलाने अमुकच शिकावे, सासूबाईंच्या वेळची रीत जशीच्या तशी चालावी, कर्ज अमुक वर्षांतच फिटावे. हे सर्व बेत आहेत, आणि ते बदलता येतात. ते बदलायची तयारी नसते म्हणून माणसे वचनाला हात घालतात. दहा मैल कमी चालले असते तर सोबत टिकली असती, असे किती घरांत घडले असेल!

सोबतीचा विषय निघालाच आहे तर बिल ब्रायसन या लेखकाची हकीगत सांगतो. १९९६ च्या मार्चमध्ये तो व त्याचा एक जुना मित्र, पुस्तकात स्टीफन कॅट्झ या नावाने येणारा, याच वाटेवर जॉर्जियातून निघाले. दोघेही चाळिशी ओलांडलेले. मित्र तर स्थूल व व्यसनातून सावरलेला. टेनेसी राज्यातील गॅटलिनबर्ग गावी त्यांनी दुकानाच्या भिंतीवर संपूर्ण वाटेचा उंच नकाशा पाहिला, आणि इतके आठवडे मरमर चालून आपण त्यावर बोटा-दोन बोटांएवढेच सरकलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात आले. त्या क्षणी मोठी निराशा व्हावी; पण त्यांना सुटल्यासारखे वाटले. सगळे चालणे होणारच नाही, तर सगळे चाललेच पाहिजे हा धोशाही संपला. मधला मोठा पट्टा सोडून ते गाडीने व्हर्जिनियाला गेले व तेथून पुन्हा चालू लागले. पुढे मित्र काही काळ कामाला परतला, तेव्हा ब्रायसनने गाडी घेऊन एकेका दिवसाच्या फेऱ्या करून पाहिल्या. त्यांत त्याला तसा रस वाटला नाही. बेत बदलला म्हणजे आनंद मिळतोच, असेही नाही, हे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीस दोघे पुन्हा एकत्र आले आणि मेनमधल्या, शंभर मैलांचे अरण्य म्हणून ओळखल्या जाणाऱ्या निर्जन टप्प्यात शिरले. तेथे मित्र हरवला. एक रात्र गेली. दुसऱ्या दिवशी तो सापडला, आणि मग कटाडिन समोरच्या दिशेला असूनही दोघे रानातून बाहेर पडले व घरी गेले. ब्रायसनने नंतर हिशेब मांडला: ८७० मैल, म्हणजे संपूर्ण वाटेच्या ३९.५ टक्के. हा आकडा त्याने १९९८ साली आलेल्या पुस्तकात सरळ छापला आहे. मित्राचे मत मात्र असे पडले की, टक्केवारी काहीही असो, आपण दोघे ती वाट चाललो.